भाड्याची गाडी स्वस्तात मिळते, की नंतर वसूल करतात?

खिडकीजवळची_सीट (धागाकर्ती)

मंडळी, मदत हवी आहे. दोन महिन्यांनी प्रवासाला निघतोय. आम्ही दोघं, चार वर्षांची लेक आणि सासू-सासरे. विमानाने पोचायचं, तिथे गाडी भाड्याने घ्यायची आणि आठ दिवस स्वतः चालवायची, असा बेत आहे. अशी गाडी आम्ही आजवर कधीच घेतलेली नाही.

गेले चार दिवस लेक झोपली की मी भाव बघत बसते. एकाच गाडीचे पाच ठिकाणी पाच भाव. एका साईटवर तर इतका कमी, की बघून आनंद होण्याऐवजी धडकी भरली. नवरा म्हणतो, "घेऊन टाक, उद्या वाढेल." मला वाटतं, एवढ्या कमीत कुणी देतंय तर ते कुठून तरी काढणारच.

तर चांगला सौदा ओळखायचा कसा? कधी बुक करायचं, कुठून करायचं, आणि काउंटरवर काय काय गळ्यात मारतात? अनुभव लिहा. "गाडीच घेऊ नका" असे प्रतिसाद कृपया नकोत. ते काम सासरे रोज करतात.

आळशी_मांजर

गाडीच घेऊ नका.

(पळतोय.)

हिशेबनीस

ताई, तुमची धडकी रास्त आहे. साईटवर दिसतो तो भावाचा पहिला हप्ता. खरा भाव म्हणजे किल्ली परत दिल्यावर कार्डावरून एकूण किती गेले तो.

मी वही घेऊन बसतो. प्रत्येक पर्यायाला एक पान. भाडं, कर, विमानतळाचा अधिभार, दुसऱ्या चालकाचे पैसे, बाळाची सीट, किलोमीटरची मर्यादा, टाकीची अट, विम्यात आपल्या माथी येणारी रक्कम. समजण्यापुरते आकडे घ्या. पहिली गाडी १०० ला, दुसरी १३० ला. पहिलीत दुसरा चालक २०, मर्यादेपुढच्या किलोमीटरचे ३०, टाकीच्या अटीपायी आणखी २०. दुसरीत हे सगळं भाड्यातच. म्हणजे स्वस्त गाडी १७० ला पडली, आणि आपण मात्र आठ दिवस १०० ला मिळाली म्हणून खुशीत.

अजून एक. "दिवस" म्हणजे तारीख नव्हे, २४ तास. सकाळी १० ला घेतलीत तर परत करायची वेळही १० च. बऱ्याच कंपन्या २९ मिनिटांपर्यंत सांभाळून घेतात. त्यानंतर कुठे तासाचे पैसे लागतात, कुठे सरळ अख्ख्या दिवसाचे. तुम्ही शोधताना वेळ नीट टाकली होती का?

खिडकीजवळची_सीट

@हिशेबनीस, वेळ? ती आपोआप येते ना तिथे? सकाळी १० असं लिहून आलेलं असतं, मी हात लावला नाही. परतीला फक्त संध्याकाळी ६ केलं, म्हटलं धावपळ नको. पण आमचं विमान उतरतं दुपारी ४ ला, आणि आठव्या दिवशी दुपारी १ पर्यंत गाडी दिली तरी चालण्यासारखं आहे.

हिशेबनीस

मग बघा. तुम्ही शोधलेत ७ दिवस ८ तास, म्हणजे बिल ८ दिवसांचं. तुम्हाला हवेत ६ दिवस २१ तास, म्हणजे बिल ७ दिवसांचं. वर ७ दिवसांना आठवड्याचा दर लागू होतो, तो कधीकधी ५-६ दिवसांच्या भाड्यापेक्षाही कमी निघतो. वेळ दुरुस्त करून परत शोधा आणि इथे येऊन सांगा.

मात्र आठवड्याच्या दरात घेऊन गाडी दोन दिवस आधी परत केली, तर काही कंपन्या नव्याने रोजच्या दराने हिशेब मांडतात. लवकर परत देऊन महाग पडलेली माणसं मी पाहिली आहेत.

खिडकीजवळची_सीट

अहो, जवळजवळ एक पंचमांश कमी झालं! नुसती वेळ बदलून! नवऱ्याला उठवून दाखवलं. तो म्हणाला बरं, आणि परत झोपला.

भटकभवानी

हिशेबनीसांच्या वहीला दंडवत. विमानतळाच्या अधिभाराबद्दल जरा सविस्तर लिहिते. आत काउंटर ठेवायचं तर कंपनीला विमानतळाला पैसे मोजावे लागतात आणि ते फिरून आपल्या बिलात येतात. म्हणून तीच गाडी शहरातल्या शाखेतून घेतली तर बऱ्याचदा स्वस्त पडते.

हे वाचून मी एकदा हुशारी केली होती. शहरातली शाखा निवडली. पोचलो तर दार बंद, दुपारीच कुलूप लागलेलं. बॅगा घेऊन फुटपाथवर बसलो, रात्र काढली, दुसऱ्या दिवशी गाडी. वाचलेले पैसे टॅक्सीत आणि हॉटेलात गेले. शाखेच्या वेळा बघायच्या, सुट्टीचा वार बघायचा, आणि टॅक्सीचे पैसे त्याच वहीत मांडायचे. तुमच्याबरोबर लहान मूल आणि दोन ज्येष्ठ आहेत. मी तुमच्या जागी असते तर अधिभार भरून मोकळी झाले असते.

आणि बुकिंगमध्ये विमानाचा क्रमांक नक्की टाका. विमान उशिरा आलं तर ते गाडी राखून ठेवतात. क्रमांक नसेल तर तुम्ही आलाच नाहीत असं धरून बुकिंग रद्द होऊ शकतं.

पाचवा_गिअर

सगळ्यांशी असहमत. :)

एवढा कीस पाडायची गरज नाही. मी गेली बारा वर्षं गाड्या घेतोय. काउंटरवर जातो, सगळ्यात मोठं विमा कवच घेतो, सही करतो, निघतो. ओरखडा आला तर येऊ दे. सुट्टीवर गेलोय, ऑडिटला नाही.

काडीकाटकसर

@पाचवा_गिअर, तुमच्यासारख्यांच्या जिवावरच काउंटर चालतात हो. नमस्कार असो.

धागाकर्तीसाठी विम्याचं नीट सांगतो, कारण खरे पैसे इथेच जातात. भाड्यात बहुधा एक कवच आधीच धरलेलं असतं. गाडीचं नुकसान झालं तर कंपनी एका रकमेच्या वरचं सोडून देते. त्या रकमेपर्यंतचं नुकसान आपलं. हिला एक्सेस म्हणतात. स्वस्त भाड्याच्या गाडीत हा एक्सेस भरभक्कम असतो. काउंटरवरचा माणूस हाच आकडा गोल करून दाखवतो आणि म्हणतो, रोजचे एवढे भरा, हा शून्य करून देतो. दिवसभर प्रवास करून माणूस आंबलेला असतो, पोर रडत असतं, मागे रांग. आपण हो म्हणतो. बऱ्याचदा ही रक्कम मूळ भाड्याच्या आसपास जाते.

दुसरा मार्ग असा, की फक्त एक्सेसपुरता विमा निघायच्या आधी घरबसल्या वेगळ्या विमा कंपनीकडून घ्यायचा. काउंटरवरच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

पाचवा_गिअर

आणि नुकसान झालं की? आधी कार्डावरून गाडीवाल्यांना पूर्ण पैसे द्या, मग कागद गोळा करा, मग विमा कंपनीच्या मागे लागा. हे का नाही सांगितलं?

काडीकाटकसर

सांगणारच होतो, घाई तुम्हाला. बरोबर आहे. आधी आपले जातात, मग दावा करून परत मिळवायचे. शिवाय काउंटरवरचं कवच घेतलं नाही, तर डिपॉझिट म्हणून कार्डावर मोठी रक्कम अडकवून ठेवतात. कार्डाची मर्यादा तेवढी मोकळी हवी. कार्ड क्रेडिट हवं आणि मुख्य चालकाच्याच नावाचं हवं. नवऱ्याच्या नावाने गाडी आणि बायकोचं कार्ड, असं असेल तर बरेच जण गाडी देत नाहीत.

स्टेपनी

माझ्या नावाला जागून एक भर घालते. त्या "पूर्ण" कवचातसुद्धा टायर, काचा, गाडीचं पोट, टप आणि हरवलेली किल्ली कित्येकदा नसतेच. चुकीचं इंधन भरलं तर तेही आपल्याच डोक्यावर. कच्च्या रस्त्यावर घातली तर सगळंच कवच रद्द होऊ शकतं. पूर्ण या शब्दावर जाऊ नका, काय वगळलंय तो परिच्छेद वाचा.

आणि हे सगळं गाडीच्या नुकसानीचं झालं. आपल्यामुळे दुसऱ्या माणसाला किंवा त्याच्या गाडीला इजा झाली तर त्याचं कवच वेगळं. ते भाड्यात आहे ना, आणि किती रकमेचं, हे बघितल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नका. एक्सेसच्या नादात लोक हे विसरतात.

हिशेबनीस

स्टेपनीशी शंभर टक्के सहमत.

क्रेडिट कार्डाबरोबर फुकट विमा येतो असंही लोक सांगतात. काही कार्डांवर येतो. पण बहुतेकदा अट अशी, की भाडं त्याच कार्डाने भरायचं आणि कंपनीचं नुकसान-कवच नाकारायचं. काही देश, काही प्रकारच्या गाड्या आणि ठरावीक दिवसांपेक्षा लांबचं भाडं त्यात बसत नाही. कार्डवाल्यांकडून लेखी घ्या. फोनवर "हो सर, आहे सर" म्हणणाऱ्याचं दाव्याच्या वेळी नावही आठवत नाही.

चष्मेबद्दूर_नाही

माझी कहाणी. लांबलचक आहे, कंटाळलात तर पुढे सरका.

आम्ही गाडी घेतली रात्री साडेनऊला, पावसात. कंपनीच्या मुलाने छत्री धरून गाडीभोवती एक फेरी मारली, मी मागोमाग. सगळीकडे पाण्याचे थेंब, वर पिवळा दिवा. काही दिसत नव्हतं. त्याने टॅबलेट पुढे केला, मी ओल्या बोटाने सही केली. सकाळी ऊन पडल्यावर बघतो तर मागच्या दाराखाली वीतभर ओरखडा, आणि त्यात धूळ बसलेली. जुना होता हे उघड. पण कागदावर गाडी निर्दोष, खाली माझी सही.

परत करताना एक बाई आल्या, सरळ त्या दाराशी वाकल्या आणि बोट ठेवलं. जणू त्यांना ठाऊकच होतं. पैसे गेले. वर "कागदपत्रं हाताळण्याचा खर्च" म्हणून वेगळी रक्कम. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठेही होऊ शकतं.

तेव्हापासून कानाला खडा. गाडी उजेडात आणून घेतो. थेंब असतील तर रुमालाने पुसतो, लाज वाटत नाही. एक सलग व्हिडिओ काढतो: नंबरप्लेट, चारी बाजू, टप, पुढची काच, चारही चाकांच्या रिंगा, आतून मीटर आणि काटा. पार्किंग सोडायच्या आत तो स्वतःलाच ईमेल करतो, म्हणजे वेळेची नोंद राहते. ओरखडा सापडला तर परत आत जाऊन कागदावर चढवून घेतो. परत देतानाही तसाच व्हिडिओ.

आता काही ठिकाणी गाडी कॅमेऱ्यांच्या कमानीखालून नेतात, यंत्र खरचटलेलं शोधतं. तिथे तर स्वतःचा पुरावा हवाच.

आळशी_मांजर

रुमालाने पुसतो, हे घरी वाचून दाखवलं. बायको म्हणाली, स्वतःची गाडी कधी पुसली होतीस?

भटकभवानी

@चष्मेबद्दूर_नाही, फार उपयोगी. यात एक जोडा. शाखा बंद झाल्यावर किल्ली पेटीत टाकून जायची सोय असते. सोयीची वाटते, पण सकाळी त्यांचा माणूस येऊन बघेपर्यंत बऱ्याच करारांत गाडीची जबाबदारी आपलीच. रात्रीत कुणी ठोकून गेलं तर तेही आपल्या खात्यात. जमेल तेवढं माणसाच्या हातात किल्ली द्या आणि "गाडी मिळाली" असा कागद घ्या.

डबाबंद

टाकीचं कुणी बोललंच नाही. भरून घ्या, भरून द्या ही अट सगळ्यात बरी. "आम्ही भरून देतो, तुम्ही रिकामी आणा" असं दिसलं की पुढे चला. अख्ख्या टाकीचे पैसे त्यांच्या भावाने आधी भरायचे, आणि टाकी बरोबर शून्यावर आणून गाडी परत देणारा मी अजून पाहिला नाही.

भरून देताना शाखेच्या अगदी जवळच्या पंपावर भरा आणि पावती ठेवा. काही गाड्यांत पन्नास-साठ किलोमीटर चालली तरी काटा पूर्ण दाखवतो, म्हणून पावतीवरचं ठिकाण आणि वेळ बघणारेही असतात. इलेक्ट्रिक घेत असाल तर किती टक्के चार्ज करून द्यायची ते आधीच विचारा.

आणि झाकण कुठल्या बाजूला आहे म्हणून पंपावर उतरून बघू नका. काट्याजवळ पंपाचं चित्र असतं, त्याच्या शेजारचा बाण ज्या बाजूला, त्या बाजूला झाकण.

पाचवा_गिअर

बारा वर्षं गाड्या घेतोय. हा बाण आज कळला.

काडीकाटकसर

@पाचवा_गिअर 😂 जपून ठेवतो हा प्रतिसाद.

उंटावरून

अवांतर. पाच साईटवर पाच भाव म्हणताय, पण काउंटरं वेगळी दिसली तरी मालक बरेचदा एकच असतो. हर्ट्झने डॉलर आणि थ्रिफ्टी या गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपन्या २०१२ मध्ये घेतल्या. एव्हिस आणि बजेट एका घरच्या, २०१३ पासून झिपकारही त्यांचीच. एंटरप्राइझ, नॅशनल आणि अलामो तिघी बहिणी. तेव्हा एका कंपनीचा भाव महाग वाटला तर तिच्या बहिणीचा बघा. गाडी कधीकधी त्याच आवारातून निघते.

भाव इतके हलतात का, तर गाड्या मोजक्या असतात आणि भाव मागणीवर चालतो. २०२० मध्ये प्रवास थांबला तेव्हा कंपन्यांनी गाड्या विकून टाकल्या, हर्ट्झने तर मे २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२१ मध्ये लोक परत बाहेर पडले, तर चिपच्या टंचाईने नव्या गाड्या मिळेनात. तेव्हाचे भाव ज्यांनी भरलेत त्यांनी हात वर करा.

चष्मेबद्दूर_नाही

दोन्ही हात वर.

स्टेपनी

धाग्यावर परत येऊया. कधी बुक करायचं, याचं माझं उत्तर: आत्ताच, पण फुकट रद्द करता येईल असं आणि पैसे तिथे जाऊन भरायचे असं. मग दर आठवड्याला एकदा तोच शोध परत करा. भाव उतरला तर नवीन बुक करा, मग जुनं रद्द. या क्रमानेच. मागच्या खेपेला मी तीनदा बदललं. चढला तर आपलं जुनं आहेच. आगाऊ भरलेलं थोडं स्वस्त दिसतं, पण बेत बदलला की अडकलात.

दलाल साईटवर भाव बघा, मग त्याच कंपनीच्या स्वतःच्या साईटवर बघा. फरक किरकोळ असेल तर थेट घ्या, भांडण झालं तर एकाशीच करावं लागतं. दलालाकडून "संपूर्ण कवच" घेतलंत तर तेही पैसे नंतर परत देणारं असतं. काउंटरवाला म्हणतो, "हे आमच्याकडे चालत नाही." त्याच्या दृष्टीने खरंच बोलतो तो. डिपॉझिट तो पूर्ण अडकवणारच.

खिडकीजवळची_सीट

एक शंका. बुकिंगमध्ये गाडीच्या नावापुढे "किंवा तत्सम" लिहिलंय. म्हणजे नक्की कुठली?

उंटावरून

नावाची नाही, वर्गाची गाडी मिळते. बरोबर चार अक्षरांचा कोड दिसेल. पहिलं अक्षर आकाराचा वर्ग, दुसरं बांधणी, तिसरं गिअर, चौथं इंधन आणि एसी. उदाहरणार्थ ई-सी-एम-आर म्हणजे इकॉनॉमी, दोन किंवा चार दारं, मॅन्युअल, एसी. तिसरं अक्षर नीट बघा. एम म्हणजे हाताचे गिअर, ए म्हणजे ऑटोमॅटिक. बऱ्याच देशांत ऑटोमॅटिक कमी असतात आणि महाग पडतात.

सगळ्यात लहान वर्ग घ्या, तो संपला की वरची गाडी फुकट देतात, अशी एक युक्ती फिरते. होतं तसं कधीकधी. पण तुम्ही पाच माणसं, बाळाची सीट आणि बॅगा. वरची नाही मिळाली तर सासऱ्यांना टपावर बसवणार का?

डबाबंद

बाळाच्या सीटचं रोजचं भाडं आठ दिवसांत नव्या सीटच्या किमतीला भिडतं. बऱ्याच विमान कंपन्या मुलाची कारसीट सामानात फुकट नेतात, आपली घेऊन जा. नकाशाचं यंत्रही नको, फोन आहे. टोलचं मात्र विचारा. कॅमेऱ्याने टोल घेणारा रस्ता असेल तर टोल थोडा आणि कंपनीचा हाताळणी खर्च जास्त, असं बिल महिन्याभराने येतं.

भटकभवानी

परदेशात जात असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना आत्ताच काढा. १९४९ च्या जिनिव्हा करारातला एक वर्ष चालतो, १९६८ च्या व्हिएन्ना करारातला जास्तीत जास्त तीन. कुठला देश कुठला मानतो ते बघून घ्या. मूळ परवानाही बरोबर लागतो, नुसत्या त्या पुस्तिकेवर गाडी देत नाहीत. आणि कार्ड ओढताना यंत्राने "तुमच्या चलनात घेऊ का?" विचारलं तर नाही म्हणा. त्यात त्यांचा विनिमय दर लागतो.

आळशी_मांजर

स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला असेल तर पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर वायपर चालू होणार. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

खिडकीजवळची_सीट

*(अडीच महिन्यांनी)*

धागा वर आणतेय. आलो परत! सगळ्यांचे मनापासून आभार.

मधला वर्ग घेतला, विमानतळावरून, ७ दिवसांचा. मध्ये एकदा भाव उतरला तेव्हा बदलला. एक्सेसचा विमा घरून काढला. काउंटरवरच्या मुलीने तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा तर "तुमच्यासोबत लहान मुलगी आहे" असंही म्हणाली. नवरा विरघळत होता, मी त्याच्या पायावर पाय दिला. व्हिडिओ काढताना पुढच्या काचेवर चण्याएवढा टिपका सापडला, कागदावर चढवून घेतला. परत देताना त्याच टिपक्यावर त्यांच्या माणसाने बोट ठेवलं, मी कागद दाखवला. पुढे काहीच बोलला नाही. अडकवलेलं डिपॉझिट सुटायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मी रोज सकाळी कार्डाचं ॲप उघडत होते.

कुठे चुकले? टोल. डबाबंदांनी सांगूनही विचारायचं विसरले. काल बिल आलं.

आणि सासरे आता म्हणतायत, पुढच्या वेळी दुसऱ्या चालकात माझं नाव घाला.

हिशेबनीस

टोलचं वहीत वेगळ्या रकान्यात लिहून ठेवा. सासऱ्यांचं वय किती? पंचविशीच्या आतल्या चालकाला जादा पैसे लावतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण काही कंपन्यांनी ७० किंवा ७५ ची वरची मर्यादाही ठेवलेली असते.

खिडकीजवळची_सीट

७१. पण हे त्यांना तुम्ही सांगा.